गाडी मुलाच्या नावावर, चालवतात बाबा : इन्शुरन्स कोणता घ्यायचा?

पत्र : ताई नमस्कार. माझं वय ६८, निवृत्त शिक्षक, नाशिक रोडला राहतो. घरी २०१७ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, मुलाने घेतली होती, तो आता कॅनडात असतो आणि गाडी मीच चालवतो. वर्षाला तीन-साडेतीन हजार किलोमीटर होतात, दवाखाना, बाजार, कधी त्र्यंबक, आणि दोन-तीनदा पुण्याला लेकीकडे. सौ. कायम बरोबर असते. पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय. मुलगा म्हणतो गाडी जुनी झाली, नुसता थर्ड पार्टी भरा. एजंट म्हणतो काका तुमचं वय बघता सगळंच घ्या, झिरो डेप, इंजिन, रिटर्न टू इनव्हॉइस. दोघांच्या आकड्यात खूप फरक आहे. मला शुगर आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लायसन्स मार्चपर्यंत आहे. वय झालं म्हणून कंपनी क्लेम नाकारते का? मी नेमकं काय घ्यावं?

उत्तर :

काका, नमस्कार. पत्र नीट वाचलं. मुलगा आणि एजंट दोघंही गाडीकडे बघून बोलतायत, गाडीत बसणाऱ्या दोन माणसांबद्दल कोणीच बोललेलं नाही. मी मोटार क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय आणि तुमच्या पत्रातलं जे वाक्य वाचून मी थांबले ते शुगरचं नाही आणि मोतीबिंदूचंही नाही, "मुलाने घेतलेली, चालवतो मी" हे आहे. त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे, पण आधी तुमची भीती बाजूला करू.

वयामुळे क्लेम नाकारत नाहीत. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनच्या सीसीवर असतो, चालवणारा अठ्ठावीसचा असो की अडुसष्टचा. तुमच्या १२०० सीसीच्या आसपासच्या गाडीला २०२२ च्या जूनमध्ये ठरलेला दर ३,४१६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेजचा हप्ता, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, तो कंपनी ठरवते, त्यात मुख्यतः गाडीचं वय, मॉडेल, शहर आणि आधीचे क्लेम बघतात. परदेशात म्हाताऱ्या ड्रायव्हरचा हप्ता वाढतो वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते तिकडचं आहे. त्यामुळे "तुमचं वय बघता" असं म्हणून एजंट जे काही विकतोय त्याला त्याने वयाचा संबंध समजावून सांगावा, तुम्ही स्पष्ट विचारा.

शुगर किंवा मोतीबिंदू लपवायचं काही कारण नाही. काही प्रपोजल फॉर्ममध्ये ड्रायव्हरच्या नजरेत, ऐकण्यात किंवा शरीरात काही दोष आहे का असा प्रश्न असतो, तिथे खरं लिहा, एजंट घाईघाईत सगळीकडे "नाही" टिक करून टाकतो ते करू देऊ नका. क्लेम अडकतो तो वयाने नाही, लायसन्सने. अपघाताच्या दिवशी चालवणाऱ्याचं लायसन्स संपलेलं असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम बहुतेक वेळा जातोच, आणि समोरच्या माणसाला काही झालं तर कंपनी त्याला पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायला बघते, म्हणजे तुमच्या केसमध्ये मुलाकडून.

तेव्हा मार्चची वाट बघू नका. २०१९ च्या कायद्यातल्या बदलानंतर संपण्याच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, आणि पूर्वी संपल्यावर तीस दिवसांची जी सवलत असायची ती आता नाही. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. तुमच्या वयाला लायसन्स एका वेळी पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म १-ए, लागतं. ते सर्टिफिकेट आरटीओबाहेरच्या टपरीवर शिक्का मारून मिळतं हे मला माहितीय, तुम्ही मात्र ते तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून खरी तपासणी करून घ्या. लायसन्सच्या फॉर्ममध्येच प्रश्न असतो, दिवसा पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का, हे तुम्ही घरासमोर उभं राहूनसुद्धा करून बघू शकता. आणि काका, मोतीबिंदूनंतर समोरच्या गाडीच्या लाइटचा त्रास होतो का ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, होत असेल तर पुण्याहून निघताना चंदनापुरी घाट उजेडात पार होईल असं बघा, लेक रागावली तरी चालेल.

आता मुलाच्या सल्ल्याकडे येऊ, नुसता थर्ड पार्टी. गाडीचा हिशोब केला तर त्याचं अगदीच चूक नाही. पण थर्ड पार्टी म्हणजे समोरचा, रस्त्यावरचा, दुसऱ्या गाडीतला. तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या काकू त्यात येत नाहीत. प्रायव्हेट गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीतल्या माणसांची जबाबदारी कंपनीवर नसते, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो त्यात, ती असते. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये कंपन्यांना हे लेखी कळवलं होतं आणि २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानेही दोन्ही पॉलिसींमधला हा फरक मांडला. म्हणजे उद्या तुमच्या हातून गाडी डिव्हायडरवर गेली आणि काकूंना मोठी इजा झाली, तर पॅकेज पॉलिसी असेल तर त्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करू शकतात आणि भरपाई कंपनी देते, नुसती थर्ड पार्टी असेल तर तो दावा फिरून मुलाच्या डोक्यावर. हे मुलाला सांगा. त्याने गाडीची किंमत बघून सल्ला दिला, आईची सीट त्याच्या लक्षात आली नसणार, बहुतेकांच्या येत नाही.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे, तुम्ही पॅकेज पॉलिसी घ्या. स्विफ्टच्या पत्र्यासाठी नाही, काकूंसाठी.

आणि आता तुमच्यासाठी. पॉलिसीचा कागद काढून बघा, त्यात "पीए कव्हर ओनर ड्रायव्हर" अशी एक ओळ असेल, १५ लाखांची. हे गाडी चालवणाऱ्या मालकाचं अपघाती कव्हर, मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन हात-पाय गेले तर पूर्ण रक्कम, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर निम्मी. हप्ता इतका कमी की चार आकडीसुद्धा नसतो. पण ते मालकाचं आहे. गाडी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि लायसन्स ज्याच्याकडे, असा एकच माणूस हवा. तुमच्या घरी तो माणूस कॅनडात आहे! दरवर्षी या ओळीचे पैसे भरले जातायत आणि स्टिअरिंगवर बसणाऱ्या तुमच्यासाठी त्यातून एक रुपयाही नाही. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या कंपनीकडे दावा करता येतो, पण स्वतःच्या चुकीने झालं, टायर फुटला, कुत्रं आडवं आलं, झाडावर गेली, तर पुढे कोणीच नाही. घरात असं असलेली शेकडो कुटुंबं आहेत, मुलगा पुण्याला, बंगळूरला, परदेशात, गाडी त्याच्या नावावर आणि चालवतात वडील, आणि हे कळतं ते क्लेम फॉर्म भरताना, जेव्हा काकू टेबलासमोर बसलेल्या असतात. मी हे बघितलंय म्हणून इतकं जोर देऊन लिहितेय.

एक गैरसमज मात्र नको, गाडी मुलाच्या नावावर आहे म्हणून तुमच्या हातून झालेल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारत नाहीत. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो. भगदाड फक्त या वैयक्तिक कव्हरमध्ये आहे.

उपाय दोन. चांगला उपाय म्हणजे गाडी तुमच्या नावावर करून घेणं. फॉर्म २९ आणि ३०, परिवहनच्या साइटवरून अर्ज, आरटीओ. गाडीवर कर्ज होतं का, फिटलं असेल तर बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा आधी काढलाय का तेही बघा, पुष्कळ जण कर्ज फेडतात आणि हे राहूनच जातं. मुलगा इकडे येणार असेल तेव्हा सह्या, ओटीपी हे सगळं बसून उरकून घ्या, व्हिडिओ कॉलवर या गोष्टी निम्म्यात राहतात. नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत कंपनीला अर्ज करून पॉलिसीही तुमच्या नावावर व्हायला हवी, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहते पण गाडीच्या नुकसानीचा भाग लोंबकळतो.

यात एक तोटा आहे तो सांगते. पॉलिसीवर नो क्लेम बोनस असेल, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, समजा ५० टक्के, तर तो मुलाचा आहे, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी तुमच्याकडे आली की तुमचा बोनस शून्यापासून सुरू, २०, २५, ३५, ४५, ५० असा दरवर्षी चढत जाणार. मुलगा कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवू शकतो, तीन वर्षांत इथे दुसरी गाडी घेतली तर त्याला वापरता येईल. पण हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या भागावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. जुन्या स्विफ्टचा तो भाग समजा पाच हजार असेल तर पहिल्या वर्षी अडीच हजार जास्त जातील, पुढे फरक कमी होत जाईल. पंधरा लाखांच्या कव्हरपुढे मी हे अडीच हजार आनंदाने भरायला सांगेन. फक्त जुना बोनस तसाच चालू ठेवून "कोण बघतंय" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची खात्री करते आणि तिथेच गाडं अडतं.

दुसरा उपाय, मुलगा लवकर येत नसेल तर. पॉलिसी वेळेवर त्याच्याच नावाने रिन्यू करा, एक दिवसही खंड पडू देऊ नका, कारण खंड पडला की गाडीची तपासणी मागतात आणि ९० दिवस गेले तर बोनसही जातो. पण रिन्यू करताना एजंटला सांगा की नावानिशी पीए कव्हर माझ्या आणि सौभाग्यवतींच्या नावाने जोडून द्या, अशी तरतूद आहे, रक्कम लहान असते पण काहीच नसण्यापेक्षा बरी. आणि तुमच्या स्वतःच्या नावाची वेगळी अपघात विमा पॉलिसी या वर्षीच घ्या. या पॉलिसीत वयाची अट असते आणि बऱ्याच ठिकाणी सत्तरीनंतर नव्याने घेत नाहीत, तुम्ही ६८ चे आहात. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर, वय १८ ते ७०, तुम्ही आणि काकू दोघंही पेन्शनच्या खात्यावरून घेऊन टाका, पासबुकावर कापलेले दिसले की झालं. यातलं काहीही हॉस्पिटलचं बिल देत नाही बरं का, त्याला मेडिक्लेमच हवा, तो चालू ठेवा.

एजंटच्या यादीबद्दल आता पटकन. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर खरेदीच्या बिलाइतके पैसे देणारं कव्हर, नव्या गाड्यांचं आहे, २०१७ च्या गाडीला तो तुम्हाला ते सांगतोय यावरूनच समजा की यादी त्याने सगळ्यांना तीच पाठवलीय. झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममध्ये होणारी कपात टाळणारं कव्हर, पाच वर्षांनंतर फार थोड्या कंपन्या देतात, दिलं तर महाग. नसेल तर काय होतं, प्लास्टिक आणि रबरच्या पार्टचे निम्मे पैसे तुमचे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टचे ४० टक्के तुमचे, काचेला कपात नाही, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला हजार रुपये पहिले आपण भरायचे. तुमच्या वापराला मी झिरो डेप सोडून देईन. इंजिन प्रोटेक्ट कोणी घ्यावं, तर जे गोदेच्या काठाला किंवा बेसमेंटमध्ये गाडी लावतात त्यांनी. तुमच्याकडे पाणी साचत नसेल तर नको, मात्र कधी पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका, पाणी असताना स्टार्ट मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, ढकलून बाहेर काढा आणि फोन करा. रोडसाइड असिस्टन्स मात्र घ्याच. दोन-चारशे रुपयांत सिन्नरच्या पुढे उन्हात तुम्हाला स्टेपनी बदलायला लागू नये, यापेक्षा चांगला खर्च नाही.

तुमचं चालवणं कमी आहे, त्यासाठी किलोमीटरवर हप्ता असलेली पॉलिसी विचारा, पे अॅज यू ड्राइव्ह म्हणतात, इर्डाने २०२२ मध्ये परवानगी दिली. सूट फक्त ओन डॅमेजवर मिळते. पाच हजार किलोमीटरचा टप्पा घ्या, तीनचा नको, पुण्याच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या तर उगाच ताण. हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पाडतात त्याकडेही लक्ष द्या, तुमच्या मॉडेलची तशीच गाडी नाशिकमध्ये आज जितक्याला विकली जाते त्याच्या आसपास आयडीव्ही हवी, गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर हिशोब त्याच आकड्यावर होतो. आणि तुमचा नेहमीचा गॅरेजवाला कॅशलेसच्या यादीत आहे का ते आधी विचारा, अनोळखी वर्कशॉपला खेटे घालणं या वयात नको.

गेटला घासली, पार्किंगमध्ये बंपर चेपला, असलं काही झालं तर क्लेम करण्याआधी हिशोब करा. ५० टक्के बोनस असणाऱ्याने एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा ५० ला पोचेपर्यंत एकूण ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट जास्त भरावं लागतं, पाच हजारांचा हप्ता असेल तर सव्वासहा हजार अधिक जीएसटी. गाडी तुमच्या नावावर होऊन बोनस नव्याने सुरू झाला तर पहिल्या वर्षीच्या क्लेमचा हाच तोटा साधारण निम्म्या हप्त्याइतका, तीन हजारांच्या आत. त्यात हजाराची आपली भर आणि प्लास्टिकची निम्मी कपात धरली की लहानसहान डेंटिंग-पेंटिंग खिशातूनच करणं स्वस्त पडतं.

समोरच्या माणसाला लागलं तर गोष्ट वेगळी. आधी त्याला दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा, पोलिसांना आणि कंपनीला कळवा. जमलेले लोक "काका, चूक कबूल करून लिहून द्या, इथेच मिटवू" म्हणतील, तसं काही लिहून द्यायचं नाही, पैसे ठरवायचे नाहीत. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर पॉलिसीची अट मोडते, आणि तुमच्यासारखा सरळ माणूस तिथे पटकन सही करून बसतो.

शेजारच्यांना शिर्डीला नेताना पेट्रोलचे म्हणून माणशी पैसे घेत असाल तर तेही बंद करा. प्रायव्हेट पॉलिसीत भाडं चालत नाही, आणि अपघातानंतर मागे बसलेला माणूस जबाबात "आम्ही पाचशे दिले होते" असं सहज बोलून जातो. पुण्याच्या फेरीला पुढेमागे ड्रायव्हर बोलवावासा वाटला, आणि मला वाटतं रात्रीच्या फेरीला आत्ताच बोलवावा, तर पेड ड्रायव्हरची जबाबदारी पॉलिसीत जोडून घ्या, टॅरिफमध्ये तिचा दर ५० रुपये आहे.

कंपनीने कधी क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, मात्र कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

या आठवड्यात मुलाला फोन लावा आणि नावावर करण्याचं कधी जमतंय ते तारखेनिशी विचारा, त्याच्या उत्तरावर वरचा पहिला उपाय की दुसरा ते ठरेल. नवी पॉलिसी मेलवर आली की मोठी प्रिंट काढून मालकाचं नाव, गाडीचा चासी नंबर, पीए कव्हर कोणाच्या नावाने आहे आणि नॉमिनी म्हणून काकूंचं नाव बरोबर लिहिलंय का एवढं बघा. स्पेलिंग चुकलं असेल तर त्याच दिवशी मेल करून दुरुस्त करून घ्या. प्रिंटची एक प्रत गाडीत आणि एक काकूंच्या कपाटात, आणि कंपनीचा क्लेमचा नंबर काकूंच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून द्या, तुम्हाला फोन करता येत नसेल तेव्हा तो त्यांनाच लावावा लागणार आहे.